बिडीचा संप, आंब्याची वाफ

खोटं कसं बोलावं हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या! फुशारकी मारत नाही. एकवीस वर्षं मी परळच्या एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासतोय. लोकांचं खोटं पकडण्याचाच मला पगार मिळतो. आमच्या फॉर्मवर 'धूम्रपान करता का?' असा एक रकाना असतो. त्यात 'हो' लिहिणारा माणूस मला अजून भेटायचाय. बोटं पिवळी, ओठ काळेठिक्कर, आणि वळणदार अक्षरात उत्तर काय, तर 'नाही, कधीच नाही!' असले शेकडो महाभाग मी पकडले. ते का सापडतात तेही मला पाठ आहे. खिशात काडेपेटी राहते, शर्टाला वास राहतो, नाहीतर टपरीवाला नावानं हाक मारतो. तेव्हा मी स्वतः खोटं बोलायचं ठरवलं, तर त्यात एकही फट राहणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती.

त्या खात्रीचं पुढे काय झालं तेच सांगतोय. सुरुवात बाबांच्या अंगठ्यापासून झाली.

माझे बाबा, भिवा कासारे. वय एकाहत्तर. तरुणपणी गिरणी कामगार, गिरणी गेल्यावर वॉचमन, आणि या सगळ्या काळात तोंडात अखंड बिडी. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची खोली होती. पुनर्विकासासाठी चाळ पाडली आणि नवी इमारत होईपर्यंत आम्हाला एका बंद गिरणीच्या जागेवरच्या संक्रमण इमारतीत, अकराव्या मजल्यावर घर दिलं. बाबांची ही जुनी गिरणी! ते खिडकीतून खाली बघत म्हणतात, "ब्याऐंशी साली हितनंच संपावर बाहेर पडलो. आता परत आत आलो, ते पण लिफ्टनं!"

गेल्या ऑगस्टमध्ये नवीन चप्पल त्यांच्या डाव्या अंगठ्याला चावली. जखम ती केवढीशी! पण महिना उलटून गेला तरी भरेना. त्यात चालताना पोटरीत गोळा यायला लागला. दोनशे पावलं गेली की थांबायचे, आणि कोणी बघतंय असं वाटलं की समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभे राहायचे. एकदा घरी बसल्याबसल्या त्यांनी नायगाव नाक्यापर्यंतच्या सगळ्या पाट्या क्रमानं म्हणून दाखवल्या, तेव्हा मला शंका आली.

माझ्या ऑफिसातला मित्र गॅविन बाप्टिस्ट. त्याची मोठी बहीण कॅरिसा परळच्या एका हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांची डॉक्टर आहे. मी आणि माझी बायको प्रिती बाबांना घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं त्यांच्या दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, मशीन चालवलं, आकडे बघितले आणि सरळच सांगितलं.

"काका, पायाकडे पुरेसं रक्तच जात नाहीये. रक्ताच्या नळ्यांना आतून अस्तर असतं, गुळगुळीत. बिडीनं ते खराब केलंय. त्यावर थर बसलाय. आणि वर प्रत्येक झुरक्याला नळी आवळते."

बाबा विचारात पडले. "म्हणजे नळ चालू, पण प्रेशर नाय."

"करेक्ट!"

"आमच्या चाळीत पण असंच होतं. पण तिथं वरचा मजला कोरडा पडायचा."

"तुमच्यात तळमजला पडलाय, काका. आता नीट ऐका. बिडी किंवा अंगठा. दोन्हीतलं काय ते एक ठेवा."

मला घाम फुटला. बाबांना नाही. त्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "हा पण ओढतो. सिगरेट. दिवसाला दहा. ह्याला विचारा, सोडतोस काय. एकट्याचा संप नसतो, मॅडम! हा बाहेर पडला तर मी पण पडतो. नायतर मी कामावर!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. प्रितीनं बघितलं. अंगठ्यानंही बघितलं असावं.

"सोडली!" मी म्हणालो.

शपथेवर सांगतो, त्या क्षणी अगदी मनापासून म्हणालो होतो. हे मनापासूनचं प्रकरण पुढे नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी गॅविननं मला ऑफिसच्या जिन्यात ओढलं. "राजा, काय चाललंय काय तुझं, मॅन? सकाळपासून सोळा क्लेम रिजेक्ट केलेस! त्यातला एक आपल्या मॅनेजरच्या सासूचा होता!"

"सासू खोटारडी आहे."

"असू दे ना! तुला काय बाप्या, लग्न करायचंय तिच्याशी?" असं म्हणून त्यानं खिशातून एक निळी कांडी काढली. लांबून बघणाऱ्याला हायलायटर पेन वाटावं अशी. "हे घे, वेप आहे. दुबईचा कझिन घेऊन आला. इकडे विकायला बंदी आहे, सो गपचूप. मँगो फ्लेवर."

"अरे, पण तुझी बहीण..."

"तिला बोललास तर मी मेलो! पण हे काय स्मोकिंग नाय रे. धूर नाय, राख नाय, काडी नाय. नुसती वाफ! सर्दीत घेतो ना आपण? तसंच."

मी दोन झुरके घेतले आणि माझ्यातला क्लेम तपासनीस जागा झाला. काडेपेटी? नाही. राख? नाही. टपरीवाला? नाही. वास? आंब्याचा! आणि मुख्य म्हणजे मी सिगरेट सोडतो म्हणालो होतो, आणि ही सिगरेट नव्हतीच! इतका स्वच्छ क्लेम एकवीस वर्षांत माझ्या टेबलावर आला नव्हता. डोळे मिटून मंजूर करून टाकला.

घरी बाबा मात्र खरोखर संपावर होते. बडीशेप चघळायचे, खिडकीशी उभे राहायचे, हाताची बोटं उगाच एकमेकांवर घासायचे. एका संध्याकाळी हळूच मला म्हणाले, "राजा, तुला पण होतं का रे असं? जीव नुसता वरखाली?"

"होतं ना, बाबा."

"मग तू कसं काढतोस?"

"काढायचं, बाबा. मनावर घ्यायचं."

त्यांनी मान डोलावली आणि अजून चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन दोन झुरके घेऊन आलो.

तिकडे प्रितीचं वेगळंच. ती बेस्टच्या डेपोत ऑफिसला आहे. तिनं व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर मोजणी सुरू केली. 'दिवस ३१. बापलेकांची जोडी. अभिमान वाटतो!' खाली माझा आणि बाबांचा फोटो. सगळा डेपो तिला अंगठे पाठवत होता. मी पण पाठवला.

पहिली फट पडली नोव्हेंबरात. माझी आई, बकुळा, रत्नागिरीकडची. आंब्याच्या बाबतीत तिचं नाक म्हणजे कोर्टात चालेल असा पुरावा! एका सकाळी मी बाथरूममधून बाहेर आलो, तर ती दारातच उभी.

"घरात आंबा कुणी आणला?"

"नोव्हेंबरात कुठला आंबा, आई?"

"तेच म्हणते मी! हापूस नाही. पायरी पण नाही. रायवळ म्हणावा तर तो पण नाही. हा कुठला तरी फसवा आंबा आहे!" आणि तिनं शोध सुरू केला. तांदळाचा डबा, गाद्यांच्या खाली, माळा, माझी ऑफिसची बॅग. तीन दिवस आमच्या घराची झडती चालली होती. चौथ्या दिवशी तिनं प्रितीला बाजूला घेऊन सांगितलं की राजा कोणाच्या तरी घरी जाऊन बिनमोसमाचे आंबे खाऊन येतो, लक्ष ठेव! प्रितीनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती बघून मी घाईघाईनं बोलून गेलो, "अगरबत्ती! अगरबत्ती आहे ती. नवीन आलीये. मँगो. बाथरूममध्ये लावतो मी."

"एवढा छान वास, आणि संडासात लावतोस?" आई कडाडली. "दोन पुडे आण. रविवारी बुद्धवंदनेला हॉलमध्ये लावू!"

झालं! दादरच्या फुलबाजाराजवळची सगळी दुकानं पालथी घातली. मोगरा होता, केवडा होता, चंदन होतं, एका ठिकाणी कॉफी सुद्धा होती. आंबा नव्हता. शेवटी मी आणि गॅविन ऑफिसच्या जिन्यात बसलो, साध्या अगरबत्तीचे दोन पुडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि अर्धा तास आळीपाळीनं पिशवीत वाफ सोडली. उठलो तेव्हा माझी छाती धडधडत होती आणि बोटं बर्फासारखी गार पडली होती.

"एसीमुळे असेल, मॅन," गॅविन म्हणाला.

जिन्यात एसी नव्हता.

रविवारी तळमजल्याच्या हॉलमध्ये आईनं मोठ्या कौतुकानं अगरबत्ती पेटवली. वास आला जळक्या काडीचा. आई खट्टू झाली. "घरी किती येतो वास! आणि राजा आत असला की जास्तच येतो!"

हे आमच्या मंडळाचे सेक्रेटरी दौलतभाऊंनी ऐकलं. दौलतभाऊ म्हणजे अत्यंत विज्ञाननिष्ठ माणूस. त्यांनी डोळे बारीक केले. "बकुळाकाकी, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. चमत्कार मानत नाही. राजाभाऊंच्या अंगाला सुगंध येतो, तर त्यामागं शास्त्रीय कारणच असणार! शरीरातला तंबाखू निघून गेला की रक्त शुद्ध होत असेल. याची जाहीर तपासणी झाली पाहिजे!"

"तपासणी कशाला?" मी ओरडलो.

"समाजाला कळायला नको?"

आणि मग ठरलंच. जानेवारीतल्या एका रविवारी वंदनेनंतर माझा आणि बाबांचा जाहीर सत्कार. मागून दोघांच्याही रक्तवाहिन्यांची तपासणी, सर्वांसमक्ष. डॉक्टर कॅरिसांना बोलावणं गेलं. बाबांचा अंगठा भरत आला म्हणून त्या खूश होत्याच. मशीन घेऊन येते म्हणाल्या.

आठ दिवस आधी गेटवर बॅनर लागला. 'व्यसनमुक्तीचे शिल्पकार आयु. राजरत्न भिवा कासारे यांचे हार्दिक अभिनंदन!' मी हात जोडलेला, चार फुटांचा. बाबा कोपऱ्यात, एवढेसे. खाली तेवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो, त्यांत गॉगल लावलेला गॅविन! त्या बॅनरमुळे चौथ्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी त्यांच्या रामूभाऊंची पाकिटं गच्चीवरून फेकून दिली. रामूभाऊ लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की मी जिन्यानं अकरा मजले चढायला लागलो. तिसऱ्याच मजल्यावर दम लागायचा. तो मी वयाच्या खात्यावर टाकला.

तो रविवार उजाडला. हॉल भरलेला. आई पहिल्या रांगेत, प्रितीनं डेपोतल्या चार मैत्रिणी आणलेल्या. सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. पाचवं शील व्यसनाचं. तिथं माझा आवाज आपोआप बसला. मग शाल आली, पुष्पगुच्छ आला, टाळ्या आल्या. डॉक्टर मशीन लावतायत तोवर मी हळूच हॉलमागच्या संडासात गेलो. जीव थाऱ्यावर यावा म्हणून एक झुरका घ्यायचा होता. अकरा घेतले.

"आला! आला बघा वास!" भिंतीपलीकडून आईचा आवाज आला.

"सत्कारमूर्ती दिसत नाहीत," दौलतभाऊंनी माईकवर जाहीर केलं, "परंतु सुगंध पोचलेला आहे!"

आधी बाबांचा नंबर. कॉटवर झोपवलं, हातापायांना पट्टे बांधले. मशीननं कागद बाहेर टाकला. डॉक्टर हसल्या. "ऐका सगळ्यांनी! मागच्या वेळी काकांच्या रक्तवाहिन्यांचं वय आलं होतं ब्याऐंशी. आज सत्त्याहत्तर! आणि जखम बघा, छान खपली धरलीये." बाबांनी पाय वर करून अंगठा चारी बाजूंना दाखवला. हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मग मी झोपलो.

"तासाभरात चहा, कॉफी, सिगरेट, तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही, कधीच नाही!" मी म्हणालो. म्हणालो आणि मलाच ते उत्तर ओळखीचं वाटलं.

पट्टे आवळले, सुटले. कागद आला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "परत घेऊया." परत आवळले, परत सुटले. दुसरा कागद बाहेर येतोय न येतोय तोच दौलतभाऊंनी तो ओढला आणि विज्ञाननिष्ठेच्या भरात माईकवर वाचला, "वय वर्षं चव्वेचाळीस! रक्तवाहिन्यांचं वय... एकाहत्तर?"

"दौलतभाऊ, तो कागद इकडे द्या!" डॉक्टर ओरडल्या. पण उशीर झाला होता.

हॉलमध्ये एकच कालवा. कोणी म्हणालं ऑफिसचं टेन्शन, कोणी म्हणालं मशीन तापलं. आई उभी राहून म्हणाली, "आंबे! चोरून आंबे खातो तो, त्याचंच हे!" आणि मागच्या रांगेतून रामूभाऊ उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"चार महिने सोडून ह्याची ही हालत? म्हणजे सोडून काय फायदा नाय! कमळे, ऐकलंस ना? सायन्स आहे हे!"

"खरंच की!" अजून दोन-तीन आवाज आले.

लोक हसत होते. बाबा हसत नव्हते. ते कॉटच्या कडेला बसून हळूहळू मोजा चढवत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्यो जवान गडी. चार महिने तोंडाला नाय लावली, तरी ह्याची नळी अशी. मी पन्नास वर्षं ओढली. मग माझ्या अंगठ्याचं जे व्हायचं ते होणारच की. उगाच जीव कशाला मारू?"

"काका, असं नाहीये! तुमचा आकडा उतरलाय!"

"मशीनच ते. माझा उतरवला, त्याचा चढवला. त्याचा काय भरवसा? दौलत, ती बाहेरची टपरी उघडी आहे काय रे?"

मला सुटायचं असतं, तर एवढंच म्हणायचं होतं की मशीन बिघडलंय. दौलतभाऊंनी निषेधाचा ठरावसुद्धा मांडला असता. पण मशीन बिघडलं म्हणजे बाबांचे सत्त्याहत्तरही खोटे, आणि बाबा सरळ टपरीवर. माझं खोटं टिकवायचं तर त्यांचा अंगठा जाणार होता! मी ताडकन उठलो. पट्टे अंगालाच होते. नळ्या ताणल्या, मशीन गडगडत माझ्यामागे आलं, डॉक्टर मशीनमागे आल्या. तशा वरातीनं मी माईक गाठला.

"मशीन बरोबर आहे! मी खोटा आहे!" आणि पँटच्या खिशातून ती निळी कांडी काढून वर धरली. "सिगरेट सोडली, पण हे ओढत होतो. रोज. आत्तासुद्धा, पाठीमागे जाऊन!"

आई उठली, सावकाश पुढे आली, कांडी नाकाशी धरली आणि गरजली, "हाच! हाच तो फसवा आंबा!"

गॅविन दाराकडे सरकत होता.

"गॅविन!" डॉक्टर वळूनही न बघता म्हणाल्या. "बस खाली!" तो खाली बसला. खुर्ची नव्हती तिथं.

"किती घेतलेत आत्ता?" त्यांनी मला विचारलं.

"दोन."

"किती?"

"अकरा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "बर्फ झालाय नुसता! ऐका, मागचे सायन्सवाले भाऊ, तुम्ही पण ऐका. धूर नसला तरी निकोटिन तेच आहे. आत गेलं की रक्तवाहिनी आवळते, ठोके वाढतात. त्या वाफेतल्या बाकीच्या गोष्टी पण आतल्या अस्तराला छळतात. आणि हे आवळणं रोज वीस-वीस वेळा! म्हणून यांचे एकाहत्तर, आणि खरोखर सोडली म्हणून काकांचे उतरले. मशीनमध्ये काही गडबड नाही." रामूभाऊ कमळाबाईंच्या शेजारी परत जाऊन बसले.

बाबा अजून कॉटवरच होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे संप फोडलास."

तुम्हाला हा शब्द साधा वाटेल. आमच्या भागात, बाबांच्या पिढीत, याहून वाईट शिवी नाही. चोराशी बोलतील, संप फोडणाऱ्याशी बोलणार नाहीत. मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, गळ्यात शाल, दंडाला पट्टा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"दहाव्या दिवसापासून."

"आज किती झाले?"

"एकशे पंधरा," प्रिती मागून म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी तिकडे बघायचं टाळलं.

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग परत मोजलं. "म्हणजे एवढे दिवस मी एकटाच बाहेर होतो?"

"हो, बाबा."

"एकटा?"

"एकटेच."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. ते उठले, एका पायात मोजा, एक पाय उघडा, आणि माझ्या हातातून माईक घेतला. "ऐका रे! आमचा तेव्हाचा संप अडीच लाख माणसांचा होता. तो फुटला. हा माझा एकट्याचा! शंभरावर दिवस झाले. फुटला नाय!"

अहो, काय टाळ्या पडल्या! तेवढ्या मला बॅनर लावूनही पडल्या नव्हत्या. दौलतभाऊंनी माझ्या गळ्यातली शाल काढली आणि बाबांना घातली. मग पुष्पगुच्छ गेला. मग खुर्ची गेली. टपरीचा विषय बाबांनी परत काढला नाही, आणि मी पट्ट्यांसकट मशीनशेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. खूप वेळ वाजवत होतो.

निळी कांडी डॉक्टरांनी जप्त केली. गॅविनच्या खिशातून आणखी दोन निघाल्या, त्याही गेल्या. घरी आल्यावर प्रितीची मी क्षमा मागितली, तेव्हा म्हणाली, "माझी नका मागू. एकशे पंधरा दिवस मी डेपोत मिरवत होते, पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं स्टेटस आलं. 'दिवस १.' खाली फक्त माझा फोटो, झोपेतला, तोंड उघडं.

डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलंय. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की परत चालायचं. त्यानं पायातल्या बारीक नळ्या कामाला लागतात म्हणे. मला सोबत जायची शिक्षा. शिक्षा बाबांनी दिली, डॉक्टरांनी सही केली.

परवा सकाळी निघालो. माझा पाचवा दिवस, डोकं फिरलेलं, रस्त्यातल्या प्रत्येक माणसाशी भांडावंसं वाटत होतं. बाबांची दोनशे पावलांची आता चारशे झालीयेत. थांबतात, पण पाट्या वाचायचं नाटक करत नाहीत. "दुखलं," असं मोठ्यानं सांगून थांबतात आणि मिनिटभरानं पुढे निघतात. मी मागे. दादर टीटीच्या अलीकडच्या बसस्टॉपला पोचलो, तेव्हा बाबा कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभे होते आणि मी खांबाला धरून धापा टाकत होतो.

स्टॉपवरच्या बाकड्यावर जागा नव्हती. कॉलेजला चाललेल्या एका मुलीनं आम्हा दोघांकडे बघितलं आणि ती पटकन उठली. बाबा पुढे झाले नाहीत. तिनं जागा मलाच दाखवली होती.

"काका, बसा तुम्ही. बरं नाहीये का?" मग बाबांकडे वळून म्हणाली, "पेशंट आहेत का हे?"

"आम्ही दोघं पण," बाबा म्हणाले. "पण मी जुना आहे, हा नवीन. ह्याला बसू दे."

मी नको नको म्हणणार होतो. अगदी तोंडावर आलं होतं. पण ती मुलगी उभी, बाबा उभे, सगळा स्टॉप माझ्याकडे बघतोय... आणि खरं सांगायचं तर, मी बसलो.